जुनी दिल्ली, गुडघेवाली आई आणि खाद्यफेरी: गाइड घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीला चाललोय. सोबत आई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, पक्की शाकाहारी) आणि न्यू जर्सीहून आलेला पंधरा वर्षांचा भाचा. चांदणी चौकात गाइडबरोबर खाद्यफेरी करावी असं मनात आहे, पण एकदा हात पोळलेत.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत (शहर राहू दे) गाइडने पहिल्याच दुकानात कचोरी, बेडमी पुरी, वर लस्सी असं दणकून खाऊ घातलं. पुढच्या पाच ठिकाणी आम्ही नुसते बघे. मग पाऊण तास त्याच्या ओळखीच्या मसालेवाल्याकडे. तिथून आठशे रुपयांचं 'केशर' घेतलं. घरी दुधात टाकताक्षणी दूध लालभडक आणि काड्या पांढऱ्या!

मुख्य प्रश्न वेळेचा. मला दौलत की चाट खायचीच आहे. थंडीतच मिळते, रात्रभर गारठ्यात ठेवलेल्या दुधाचा घुसळून काढलेला फेस, वर खवा-पिस्ते. खोमचेवाले सकाळी येतात, दुपार कलली की परात रिकामी. पण मला सापडलेल्या बहुतेक फेऱ्या संध्याकाळच्या. भाच्याला जामा मशिदीसमोरच्या मटिया महाल गल्लीतले कबाब हवेत, आणि तिथे शिगांचा धूर दिसला की आई नाकाला पदर लावून उभी राहणार. म्हणून सकाळी किनारी बाजार आणि परांठेवाली गली आईसह, संध्याकाळी जामा मशिदीकडे आम्ही दोघंच, असं जमेल का? (परांठ्यात कांदा-लसूण नसतो म्हटल्यावर ती निम्मी तयार झालीय.)

लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारी बंद असतात. हे अंतर आईला चालवणार नाही. गाइड सायकलरिक्षा घेऊ देतात, की घोळक्यामागे चालावंच लागतं? खारी बावलीत (मसाल्यांचा बाजार) मिरचीचा ठसका फार असतो. आईला तिथे न्यावं की वगळावं? रविवारी बाजार बंद, त्यामुळे सोमवार धरलाय.

अजून एक. वाटेत बसायला जागा आणि बरं स्वच्छतागृह कुठे आहे? आई स्वतः कधीच विचारत नाही, दिवसभर पाणी पीत नाही फक्त.

शुक्रवारपर्यंत सांगितलंत तर बरं, तिकिटं तेव्हा काढतोय.