बायझंटाईन वीण तांब्यात अडते आहे: कड्या चुकल्या की पकडी?

प्रश्न

नमस्कार. चेनमेलचे, म्हणजे धातूच्या कड्या एकमेकींत ओवून विणलेले दागिने करायला लागल्यापासून माझं सगळं काम ॲनोडाइज्ड, म्हणजे वरच्या थरात रंग दिलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्यांत झालं. बायझंटाईन ही माझी सगळ्यात लाडकी वीण. दोन-दोन कड्यांच्या तीन जोड्या ओवायच्या, शेवटची जोडी मागे दुमडायची, मधल्या जोडीच्या कड्या बाजूला सारून त्या फटीतून नवी जोडी घालायची. हे दुमडणं आता हातात पक्कं बसलं आहे, डोळे दुसरीकडे असले तरी बोटं करतात.

आता वहिनीसाठी तशीच साखळी मनगटावर घालायला करते आहे, पण तांब्यात. ॲल्युमिनियम तिला फार हलकं वाटतं, हातात काही घातलंय हे जाणवायला हवं असं ती म्हणते. म्हणून वेगळ्या विक्रेत्याकडून तांब्याच्या कड्या मागवल्या. पाकिटावर तेच लिहिलं आहे जे जुन्या पाकिटावर होतं: १८ गेज (तारेची जाडी), ३.५ मिमी (कडीचा आतला व्यास). तरी वीण बसत नाही. दुमडेपर्यंत ठीक, पण मधली फट उघडतच नाही. नव्या जोडीतली पहिली कडी कशीबशी जाते, दुसरी अजिबात नाही. जोर लावला तर कडी लांबट होते.

शिवाय तांब्यावर पकडीच्या दातांचे वण उठतात. ॲल्युमिनियमवर ते इतके दिसत नव्हते.

तांबं या विणीला चालत नाही का? पकडी बदलू का? की तार आणून कड्या घरीच कराव्यात, म्हणजे हवं ते माप मिळेल?

प्रतिसाद १

तांबं उत्तम चालतं, बायझंटाईन तर तांब्यात फारच सुंदर दिसते. मला मापाचा संशय येतो. डिजिटल कॅलिपर (जाडी-व्यास मोजायचं साधन) आहे का? दोन्ही पाकिटांतल्या चार-पाच कड्या नीट मिटवून तारेची जाडी आणि कडीचा बाहेरचा व्यास मोजा. आतला व्यास थेट मोजू नका, कॅलिपरचे आतले जबडे इतक्या लहान कडीत नीट बसत नाहीत. बाहेरच्या व्यासातून जाडी दोनदा वजा केली की आतला व्यास मिळतो.

प्रतिसाद २ (प्रश्न विचारणारीचा)

मोजलं. ॲल्युमिनियम: जाडी १.०२, बाहेरचा व्यास ५.५. तांबं: जाडी १.२२, बाहेरचा व्यास ५.९. म्हणजे आतला व्यास दोन्हींचा साधारण ३.५च आहे, पण तांब्याची तार जाड आहे. दोन्ही १८ गेज असताना हे कसं?

प्रतिसाद ३

सगळं उत्तर तुमच्या या दोन आकड्यांत आहे. गेज मोजायच्या दोन पद्धती सर्रास चालतात, अमेरिकन आणि ब्रिटिश. १८ गेज म्हणजे अमेरिकन पद्धतीत १.०२ मिमी आणि ब्रिटिश पद्धतीत १.२२. सोळाला हा फरक आणखी वाढतो, १.२९ आणि १.६३. विसाला ०.८१ आणि ०.९१. चांदीसारख्या मौल्यवान धातूंची तार बहुधा अमेरिकन मापात विकतात आणि चेनमेलच्या कड्या पुष्कळदा ब्रिटिश मापात, पण यावर विसंबून राहू नका. विक्रेत्याने मिलिमीटर दिले नसतील तर विचारा. सांगता येत नसेल तर त्याच्याकडून कड्या घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य गोष्ट. विणीला तुमचे मिलिमीटरही कळत नाहीत, तिला फक्त गुणोत्तर कळतं: आतला व्यास भागिले तारेची जाडी. यालाच ॲस्पेक्ट रेशो म्हणतात. तुमचं ॲल्युमिनियम येतं ३.४ आणि तांबं २.८. बायझंटाईनला साधारण ३.२च्या खाली गेलात की ती अडते, ३.५च्या आसपास ती सगळ्यात छान पडते आणि चारकडे गेलात की ढिली होते, गाठींचा आकार हरवतो. म्हणजे तुमचा हात ठीक आहे, धातूही ठीक आहे, त्या कडीत जागाच नाही.

यामागची भूमिती मला फार आवडते म्हणून थोडं थांबतो. एका कडीच्या पोकळीतून चार तारा जायच्या असतील आणि त्या एकमेकींना चिकटून सरळ गेल्या, तर त्यांना सामावणाऱ्या वर्तुळाचा व्यास तारेच्या जाडीच्या २.४१ पट लागतो. पाच तारांना २.७०, सहांना बरोबर ३. ही अगदी खालची मर्यादा झाली. प्रत्यक्षात कड्या वाकड्या असतात, तिरक्या जातात, शिवाय साखळीला हलायला मोकळीक लागते, म्हणून प्रत्येक विणीचा आकडा याच्या वर सरकतो. किती सरकतो ते ती वीण कड्यांना किती तिरकं करते यावर ठरतं. दुसऱ्या विणी पाहा: जेन्स पिंड ही वीण तीनच्या आसपासच नांदते आणि त्याच्या थोडं इकडेतिकडेही तिला खपत नाही. फुल पर्शियन सिक्स-इन-वनला पाचच्या घरातलं गुणोत्तर लागतं. युरोपियन फोर-इन-वन मात्र मोठ्या मनाची, साडेतीनला दाट पत्र्यासारखी होते आणि पाचाला कापडासारखी लोळते, दोन्ही रूपं वापरता येतात.

तुम्हाला तीच १.२२ची जाडी ठेवायची असेल तर आतला व्यास ४.२ मिमी घ्या, गुणोत्तर ३.४४ येईल. वहिनींना वजन हवं आहे तर मी हेच करेन. तांब्याची घनता ८.९६, ॲल्युमिनियमची २.७०. त्याच आकाराच्या साखळीला तिपटीहून जास्त वजन येतं, वर तारही जाड. नाजूक हवी असेल तर १.०२ला ३.५, म्हणजे तुमच्या जुन्या कड्यांचंच माप.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती, मी पकडींबद्दल लिहिते.

दात असलेली पक्कड या कामाला वापरूच नये. गुळगुळीत जबड्याच्या दोन पकडी घ्या. दोन्ही चपट्या तोंडाच्या चालतात. माझ्या डाव्या हातात चपटी असते आणि उजव्यात वाकड्या तोंडाची, कारण दाट विणीत वाकडं टोक बाजूने शिरतं आणि माझं मनगट सरळ राहतं. मुठी आपोआप उघडणाऱ्या, स्प्रिंगच्या हव्यात. दर कडीला बोटांनी मूठ उघडावी लागली तर संध्याकाळपर्यंत अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. दुकानात पक्कड हातात घेऊन मिटवा आणि उजेडासमोर धरा. टोकाशी फट दिसली किंवा जबडे डावीउजवीकडे हलले तर ठेवून द्या. नव्या पकडीच्या जबड्यांच्या कडा बऱ्याचदा धारदार असतात. बारीक पॉलिश पेपरने त्या किंचित गोल करा, अर्धे वण तिथेच थांबतात.

उरलेले अर्धे धरण्यात असतात. कडीचा काप, म्हणजे जिथे ती उघडते ती जागा, वर ठेवा आणि कापाच्या दोन्ही बाजूंना, जबड्यात जितकी जास्त कडी येईल तितकी पकडा. नुसत्या टोकाने चिमटीत धरली तर पक्कड घसरते, आणि ओरखडा घसरण्यानेच पडतो. उघडताना एक हात पुढे, एक मागे. बाजूला ताणायची नाही, ताणलेली कडी परत गोल होत नाही. मिटवताना दोन्ही टोकं एकमेकांवर हलकेच दाबत थोडी पलीकडे न्या, परत आणा. टोकं एकमेकांवर घासल्याचं हातात जाणवतं, त्यानंतरच कडी खरी मिटते. मग सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर तो सांधा कधीतरी कपड्याचा धागा ओढणार.

आणि एकच कडी पुन्हा पुन्हा उघडू नका. दर वेळी धातू कडक होत जातो आणि शेवटी सांध्यासमोरच्या बाजूला तुटतो. उसवलेल्या कड्या मी वेगळ्या डबीत टाकते, दागिन्यात परत वापरत नाही.

प्रतिसाद ५

पकडीच्या जबड्यांना प्लॅस्टिकचं लेपण देतात, ते कुणी सुचवलं नाही म्हणून लिहितो. रंगीत ॲल्युमिनियमला आणि मुलामा असलेल्या तांब्याच्या कड्यांना मी लेपण लावूनच काम करतो. या दोन्हींत रंग वरच्या थरातच असतो, तो खरवडला की आतला धातू दिसतो आणि दुरुस्ती नाही. नायोबियम या धातूच्या कड्यांचा रंग ऑक्साइडच्या पारदर्शक थरामुळे दिसतो, त्यात रंगद्रव्य नसतंच, पण तोही थर ओरखड्याने जातो.

प्रतिसाद ६

लेपणाला माझा विरोध नाही, पण साध्या तांब्याला नको. लेपणाने सांधा घासल्याची जाणीव बोथट होते आणि तांब्यात ती जाणीवच कामाची. हलके वण नंतर टम्बलरमध्ये (फिरणाऱ्या पिंपात) स्टीलच्या गोळ्या, पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे थेंब घालून फिरवले की मऊ होतात, चकाकी येते आणि कड्यांचा पृष्ठभाग थोडा कडकही होतो. दातांचे खोल वण मात्र जात नाहीत.

प्रतिसाद ७ (प्रश्न विचारणारीचा)

किती दिवस मी हाताला दोष देत होते! सगळ्यांचे मनापासून आभार. ४.२च्या कड्या मागवते. त्या मिलिमीटरमध्ये सांगणारा विक्रेता सापडला. पण त्याने विचारलं की करवतीने कापलेल्या हव्यात की यंत्राने कातरलेल्या. आणि तार आणून घरी करण्याचं राहिलंच. या उरलेल्या तांब्याच्या कड्यांचं काय करू तेही सांगा, टाकवत नाहीत.

प्रतिसाद ८ (प्रतिसाद ३ लिहिणारा)

वहिनींसाठी आहे ना, मग करवतीच्या घ्या. दोन्ही टोकं सपाट येतात आणि सांधा जवळजवळ दिसेनासा होतो. कातरलेल्या कड्यांच्या टोकाला थोडा चिमटा असतो, सरावाला आणि मोठ्या कामाला त्या पुरतात. साध्या कटरने तोडलेली कडी मात्र दागिन्याला नको. एका टोकाला निमुळती धार राहते, तिथे फट पडते आणि बोचते.

घरी कड्या करणं हा वेगळा आनंद आहे, पण आत्ता नको. सळईवर तार गुंडाळून सोडली की गुंडाळी किंचित उसळते, त्यामुळे ३.५च्या सळईवर ३.५ची कडी येत नाही, मोठी येते. किती मोठी ते धातूवर आणि तो किती कडक आहे त्यावर अवलंबून. मऊ तांबं कमी उसळतं, स्प्रिंगसारखी स्टीलची तार खूप. शिवाय करवत पात्याच्या जाडीइतका धातू खाते, म्हणून कडी मिटवल्यावर ती पुन्हा थोडी लहान होते. प्रत्येक तारेला आधी नमुना गुंडाळून, कापून, मिटवून मोजावं लागतं. पुढे कराल तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा, आणि ड्रिलवर गुंडाळणार असाल तर हातात मोजे नकोत. फिरत्या तारेत मोजा अडकला तर बोटासकट ओढला जातो.

धातूबद्दल एक सांगून ठेवतो. वहिनींना कृत्रिम दागिन्यांनी खाज येते का, ते विचारा. येत असेल तर जर्मन सिल्व्हरकडे कधी वळू नका, त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. टायटॅनियम आणि नायोबियम अशा त्वचेला चालतात. तांब्याने मनगटावर हिरवट डाग पडू शकतो. तो धुतला की जातो, पण त्यांना आधी सांगा.

उरलेल्या कड्यांची साधी दोन-दोनची साखळी करा: दोन कड्यांत दोन, त्यात पुढच्या दोन. तिथे एका कडीतून चारच तारा जातात, म्हणजे २.४१ लागतात आणि तुमच्याकडे २.८ आहेत. दाट, जड आणि सरळ पडणारी साखळी होईल. बायझंटाईनच्या दोन टोकांना फासा जोडायलाही याच कड्या वापरा, १.२२ची तार तिथे ओढ चांगली सहन करेल. फासा लॉबस्टरचा (स्प्रिंगने मिटणाऱ्या आकड्याचा) घेतलात तर त्याच्या कडीचा सांधा दोनदा तपासा, कारण रोजच्या काढघालीत सगळा ताण त्या एका कडीवर येतो.