मदत हवी आहे : गोल्फ कार्टचा मीटर फुल्ल, पण चढावर दोनच कांड्या उरतात

जुनी गोल्फ कार्ट घेऊन चार महिने झालेत. ४८ व्होल्टची आहे. सीटखाली ८ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या, साध्या लेड-ॲसिडच्या, पाणी भरायला लागतं त्या. रात्रभर चार्जिंगला लावली की सकाळी डॅशबोर्डवरच्या मीटरच्या दहाही कांड्या भरलेल्या. सपाटीवर काही तक्रार नाही. चढ लागला की मात्र कांड्या भराभर उतरतात, दोनवर येतात आणि गाडी रडतखडत वर पोचते. वर दोन मिनिटं थांबलं की परत सात-आठ! हे काय गौडबंगाल आहे?

मल्टिमीटर आणलाय. चार्जर काढल्या काढल्या पहिल्या बॅटरीच्या प्लसपासून शेवटच्या बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, ५२.८ आले. मग बॅटऱ्या ठणठणीत समजायच्या ना? मेकॅनिकने सीटसुद्धा न उचलता "अख्खा सेट बदला" म्हणून सांगितलंय. मला विजेतलं फारसं कळत नाही, जरा सोपं करून सांगा.

प्रतिसाद १

त्या ५२.८ वर जाऊ नका. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीचं व्होल्टेज उतू येणाऱ्या दुधासारखं असतं, गॅस बंद केला की खाली बसतं. गाडी न चालवता किमान सहा तास, जमलं तर रात्रभर तशीच ठेवा आणि मग मोजा. तुमच्या सेटला साधारण ५०.९ म्हणजे पूर्ण चार्ज, ४८.४ म्हणजे निम्मा, ४६.६ म्हणजे जेमतेम वीस टक्के. "४८ ची गाडी, ४८ दाखवतेय, मग ठीक आहे" असं समजणारे खूप भेटतात. ४८ ला बॅटरी अर्ध्याच्या खाली गेलेली असते.

पण खरं काम पुढचं आहे. एकूण बेरजेत एखादी आजारी बॅटरी सहज लपते, म्हणून सहाही वेगवेगळ्या मोजा. प्रत्येकीवर खडूने नंबर टाका आणि आकडे लिहून ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर, एका बॅटरीला २० ची रेंज, सगळ्या सेटला २०० ची.

प्रतिसाद २

मोजायच्या आधी एक सांगतो, हात पोळलाय म्हणून. मल्टिमीटरला लाल प्रोबसाठी दोन भोकं असतात, एक व्होल्टचं आणि एक १० अँपिअरचं. एकदा करंट मोजून झाल्यावर माझा प्रोब अँपिअरच्या भोकातच राहिला होता. तसाच बॅटरीला लावला. फाट्‌कन आवाज आणि ठिणगी, प्रोबच्या टोकाचा वितळून मणी झालेला! त्या भोकातून मोजणं म्हणजे बॅटरीची दोन टोकं सरळ जोडणं. अंगठी-घड्याळ काढून ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि चार्जिंग नुकतं झालं असेल तर सीट उघडून थोडा वेळ वारा खेळू द्या, हायड्रोजन साठलेला असतो.

प्रतिसाद ३

कशाला एवढा खटाटोप? लिथियम टाका आणि मोकळे व्हा.

धागालेखक

@प्रतिसाद ३, निदान आजार काय आहे ते तरी कळू दे हो :)

रात्रभर ठेवून सकाळी मोजलं. एकूण ५०.५. वेगवेगळ्या अशा : ८.४५, ८.४४, ८.४६, ८.४३, ८.३२, ८.४५. पाच नंबरची थोडी मागे आहे, पण ०.१३ चा फरक म्हणजे काही फार नाही ना?

प्रतिसाद १

बाकीच्या चौघी-पाचजणी दोन-तीन शतांशात आहेत आणि ही एकटीच लांब, त्यामुळे संशय तिच्यावरच. आता लोडवर, म्हणजे मोटर जोर लावत असताना, बघा. क्लिपवाल्या वायरी पाच नंबरला लावा, मीटर पायापाशी आणा, सीट नीट बंद करा आणि तोच चढ चढा. क्लिपा एकमेकींना किंवा दुसऱ्या टर्मिनलला लागणार नाहीत असं बघा, वर टेप लावा. आकडा शेजारी बसलेल्याने वाचायचा, चालवणाऱ्याने रस्ता बघायचा. मग तोच प्रकार दुसऱ्या एखाद्या बॅटरीवर.

हायड्रोमीटर (ॲसिड ओढून त्याचा दाटपणा मोजणारी नळी) मिळाला तर ग्रॅव्हिटीही, म्हणजे ॲसिड पाण्याच्या किती पट दाट आहे तेही, बघा. ८ व्होल्टच्या बॅटरीत चार सेल असतात, चारही बुचं उघडून प्रत्येकातलं ॲसिड ओढून बघायचं. भरलेल्या सेलला १.२७ च्या आसपास मिळायला हवी. त्याच दिवशी पाणी घातलं असेल तर थांबा, पाणी वरच तरंगतं आणि आकडा चुकतो.

धागालेखक

सापडलं! चढावर दोन नंबरची ८.० पर्यंत उतरली, पाच नंबरची थेट ६.६. ग्रॅव्हिटी : पाच नंबरच्या तीन सेलमध्ये १.२७०, चौथ्यात १.१३०. बाकी बॅटऱ्यांत सगळीकडे १.२६५ ते १.२७५. त्या सेलचं ॲसिड काढलं तेव्हा नळीत तळाशी तपकिरी गाळही आला.

प्रतिसाद २

म्हणजे कांड्यांचं कोडंही सुटलं. पाच बॅटऱ्या ८.० च्या आणि एक ६.६ ची, बेरीज ४६.६. मीटर बिचारा व्होल्टेज बघून कांड्या दाखवतो, लोड आहे की नाही त्याला काय कळणार. त्याच्या लेखी वीस टक्के, म्हणून दोन कांड्या.

आता सांगा, सगळ्या एकाच वयाच्या आहेत का? बहुतेक बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर किंवा डब्यावर तारखेचा कोड ठोकलेला असतो. सेट जुना असेल तर एकच नवी घालू नका. सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक अशा साखळीत जोडल्यावर, सगळ्यांतून करंट तोच जातो, म्हाताऱ्या लवकर उतरतात आणि नवीला त्यांच्यासोबत फरफटत जावं लागतं. सेट तरुण असेल तर त्याच बनावटीची, त्याच अँपिअर-तासाची (म्हणजे तेवढ्याच क्षमतेची) एक चालेल. आणि @प्रतिसाद ३ चं ऐकून लिथियम घेतलीत, तर वरचे आकडे विसरा. तिचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, चार्ज तिच्या बीएमएसकडून (बॅटरीवर लक्ष ठेवणारं तिच्यातलंच सर्किट) किंवा अँपिअर-तास मोजणाऱ्या मीटरवरून बघायचा.

धागालेखक

टर्मिनलवरची हिरवी-पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासली तेव्हा कोड दिसले. पाच जणींचा एकच, साधारण वर्षभरापूर्वीचा. पाच नंबरचा तीन वर्षांपूर्वीचा! आधीच्या मालकाने सेट बदलताना एक जुनी तशीच ठेवलेली दिसतेय. तेवढी एकच बदलतोय. नवी बसवली की चढावरचे आकडे इथेच टाकतो.