झाकण उघडलं की कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही ढिम्म

ऐरोली_नौपाडा: ऐरोलीच्या ऑफिसातून निघताना लॅपटॉपचं नुसतं झाकण मिटते. ट्रान्स-हार्बरने ठाण्याला घरी येऊन उघडला की स्क्रीन लागते, घड्याळ चालू असतं, पण कीबोर्ड-टचपॅड मेल्यासारखे. कॅप्स लॉकचा दिवाही लागत नाही. यूएसबी माउस मात्र लगेच चालतो. विंडोज ११ आहे. हिशेबाची फाइल उघडी असते, पॉवरचं बटण दाबून धरलं तर सेव्ह न केलेलं जातं. मार्चअखेर तोंडावर आहे, कृपया सांगा.

वाशी_सेक्टर१७: ताई, आधी फाइल वाचवा. लॉगिनच्या स्क्रीनवर उजवीकडे खाली अ‍ॅक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं. त्यातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा, माउसने पासवर्ड टाका, सेव्ह करा, मग रीस्टार्ट.
यूएसबी माउस चालतोय, म्हणजे मशीन जागं झालंय, आतली जोडणी नाही. टचपॅड बहुतेक आय-टू-सीवर (मशीनच्या आतले भाग जोडणारी एक जोडणी) असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली मशीनच्या भागांची यादी) ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’ शोधा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला बंद करण्याची परवानगी असते, तिची खूण काढा. तो टॅब सगळ्या मशीनवर दिसत नाही. नसेल तर कंपनीच्या साइटवरून, आपलं मॉडेल नीट बघून, चिपसेटचा ड्रायव्हर (मदरबोर्डचे भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) आणि बायॉस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) घ्या. बायॉस टाकताना चार्जर लावलेलाच हवा.

कळवा_पूर्व: फास्ट स्टार्टअप बंद करून बघा.

वाशी_सेक्टर१७: तो शटडाउननंतरच्या सुरुवातीसाठी असतो, स्लीपशी, म्हणजे झाकण मिटल्यावर मशीन झोपतं त्याच्याशी, त्याचा संबंध नाही. तोवर झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट (उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन बंद होतं) ठेवा.

ऐरोली_नौपाडा: टॅब सापडला, खूण काढली. हायबरनेटही लावलं. बायॉस रविवारी करते. मनापासून आभार!