गेलिक फुटबॉल पूर्वी खरंच जास्त रंगायचं का? मदत हवी आहे

डब्लिनकर मंडळी, जरा सांगा. ऑफिसातले जुनेजाणते आयरिश सारखे कुरकुरतात, गेलिक फुटबॉलची (हाता-पायांनी खेळायचा त्यांचा देशी खेळ) मजा गेली म्हणे. म्हणून ऑल-आयर्लंड या काउंटी संघांच्या स्पर्धेतली 2011 ची डोनेगल-डब्लिन सेमीफायनल पाहिली. स्कोअर डब्लिन 0-8, डोनेगल 0-6 (आधी गोल, मग गुण)! डोनेगलची जवळजवळ अख्खी टीम आपल्याच गोलसमोर ठाण मांडून. डुलकीच लागली. पण 2025 पासून नियम बदललेत ना? गोलसमोर आखलेल्या 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलं की दोन गुण, शिवाय तिघांना समोरच्यांच्या अर्ध्यात थांबावंच लागतं. त्याच वर्षी फायनलला केरीने 1-26 ठोकले की! मग रडगाणं कशाचं? 1982 ची, ऑफली काउंटीच्या शेमस डार्बीच्या गोलवाली फायनल सोडून जुने कोणते सामने पूर्ण बघू? रटाळ असलेलेही सुचवा, वाद घालायला कामी येतील.