वडिलांच्या तोंडाच्या कॅन्सरचे उपचार संपले, पण ते कोणाशी बोलतच नाहीत

उरमोडीकाठ :
नमस्कार. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ६३ वर्षांचे आहेत आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेती करतात. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा काही भाग काढावा लागला, मांडीचे मांस घेऊन गाल भरला आणि नंतर सहा आठवड्यांत रेडिएशनचे ३० शेक झाले. शेवटच्या तपासणीत आजार कुठेही दिसत नाही असे डॉक्टरांनी सांगितले, आणि त्या दिवशी आम्ही सगळे रडलो. तात्या मात्र गप्प होते.

तेव्हापासून ते गप्पच आहेत. पंगतीत बसत नाहीत, भिंतीकडे तोंड करून एकटे जेवतात, पारावर जात नाहीत, आणि कोणी भेटायला आले की टॉवेलने गाल झाकून आतल्या खोलीत निघून जातात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे असतात. येणारा प्रत्येक पाहुणा ‘तंबाखू खाल्ल्यावर असेच व्हायचे’ हे एकदा तरी ऐकवतोच. आम्ही घरचे त्यांना सारखे सांगतो की वाईट विचार करू नका, धीर धरा, तुम्ही बरे झाला आहात. मागच्या आठवड्यात ते आईला म्हणाले, ‘मी गेलो तर तुम्ही सगळे सुटाल.’

मला एक गोष्ट उमगत नाही. उपचारांच्या काळात आम्ही दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो होतो. तिथे त्यांना बोलताना याहून जास्त त्रास व्हायचा, नाकात नळी होती, तरीही संध्याकाळी बीडच्या एका रुग्णाशेजारी बसून ते तासन्‌तास हातवारे करत बोलायचे. मग घरी आल्यावरच असे का व्हावे? त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे का, आणि नेले तर ‘मला वेडा ठरवले’ असे त्यांना वाटणार नाही का?

चंची_सोडलेला :
माझीही हीच शस्त्रक्रिया झाली आहे, उजव्या बाजूची, २०१७ साली. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच शेवटच्या परिच्छेदात लिहिले आहे. धर्मशाळेत प्रत्येकाच्या गालाला, गळ्याला किंवा छातीला काही ना काही झालेले असते, त्यामुळे तिथे कोणी कोणाकडे टक लावून पाहत नाही. गावी मात्र आपला चेहरा हीच बातमी होते. ओठाची एक बाजू बधिर झाली की घास कधी ओघळला हे आपल्याला कळत नाही. ते समोरच्याच्या नजरेवरून कळते, आणि ती नजर सहन होत नाही. तात्या भिंतीकडे तोंड करून जेवतात ते रागाने नव्हे, लाजेने, असे मला खात्रीने वाटते. माझी पत्नी पहिले चार महिने स्वयंपाकघरात फक्त माझ्याबरोबर जेवली, पुसायला फडके माझ्या हाताशी ठेवले आणि माझ्या तोंडाकडे न पाहता शेतातल्या गोष्टी बोलत राहिली. पंगतीत मी फार नंतर आलो.

दुसरी गोष्ट तंबाखूची. माझ्या हातात पहिली चिमूट माझ्या चुलत्यांनी ठेवली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, आणि त्या वयात ती चिमूट मोठे झाल्याची खूण वाटत होती. आजार झाल्यावर मी स्वतःला जेवढे दोष दिले तेवढे इतर कोणीही दिले नसतील. म्हणून पाहुण्यांना दारातच, तात्यांच्या मागे, स्पष्ट सांगा की हा विषय या घरात काढायचा नाही. आणि रागावू नका, पण ‘धीर धरा’ हे तुम्हीही थांबवा. ते ऐकले की आतली भीती सांगायची सोय उरत नाही, कारण सांगितले तर आपण धीर सोडला असा अर्थ होतो.

समुपदेशक_कोल्हापूर :
मी कॅन्सरच्या रुग्णांबरोबर समुपदेशनाचे काम करते. ‘मी गेलो तर सुटाल’ हे वाक्य कृपया त्राग्याचे म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्याजवळ शांतपणे बसून, ‘तात्या, जीव द्यावा असे मनात येते का?’ असे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट कोणाला तरी सांगता येते. शेतीचे घर आहे, म्हणून फवारणीची औषधे आजच घरातून हलवा. उत्तर ‘हो’ आले, तर त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही मिळते. तिथे घरच्यांनाही बोलता येते.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसते ‘उदास आहेत’ एवढेच सांगून येऊ नका. मानेला रेडिएशन झाल्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते. मग थकवा, सुस्ती आणि खिन्नता येते आणि घरच्यांना वाटते की माणूस मनाने खचला. साधी रक्ततपासणी करून ते कळते, आणि त्यावर गोळी आहे. दुखणे पुरेसे आटोक्यात आहे का, तोंड किती उघडते, लाळ सुकल्यामुळे रात्री जाग येते का, हेही सांगा. अनेक वर्षांची तंबाखू अचानक सुटली की सुरुवातीचे काही आठवडे चिडचिड आणि उदासी येते, परंतु तात्यांचा तो काळ आता मागे पडला असावा.

मानसोपचाराबद्दल मी रुग्णांना असे सांगते की, जखम भरली की नाही हे पाहायला सर्जन आहेत तसे झोप आणि मन पाहायलाही डॉक्टर आहेत, आणि त्यांच्याकडे जाणे हा याच उपचारांचा भाग आहे. टाटा रुग्णालयासारख्या मोठ्या केंद्रांत मानसोपचार विभाग आणि वैद्यकीय समाजसेवक असतात. तात्यांची पुढची तपासणी असेल त्याच दिवशी ती भेट ठरवली, तर वेगळे ‘नेले’ असे वाटणार नाही. औषध सुरू झाले तर फरक दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करू नका. यातील काही औषधांनी तोंड अधिक कोरडे पडते, तेव्हा रेडिएशन झाल्याचे त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बोलणे अस्पष्ट असेल, तर शून्य ते दहा आकड्यांची पट्टी कागदावर काढून, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला ते बोटाने दाखवायला सांगा. चार किंवा त्याहून वरच्या आकड्यावर बोट गेले की अधिक विचारपूस करावी, असा प्रघात आहे. अनेक पुरुष तोंडाने ‘काही नाही’ म्हणतात आणि बोट आठवर ठेवतात.

सुगरण_पक्षी :
वरचे सगळे पटले, पण आईंबद्दल कोणी विचारले नाही म्हणून लिहिते. माझ्या यजमानांच्या आजारपणात पातळ जेवण करणे, नळी धुणे, रात्री जागणे हे सर्व माझ्याकडे होते, आणि लोक फोन करून फक्त त्यांची प्रकृती विचारत. ‘मी गेलो तर सुटाल’ हे वाक्य ज्या बाईने एकटीने ऐकले, ती त्यानंतर झोपली आहे का, हे आज त्यांना विचारा. आठवड्यातून एक दिवस तात्यांचे सगळे तुम्ही करा आणि त्यांना माहेरी किंवा देवळात, जिथे त्यांची इच्छा असेल तिथे, जाऊ द्या.

उरमोडीकाठ :
आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. फवारणीच्या बाटल्या काल भावाच्या मळ्यातल्या खोलीत कुलपात ठेवल्या. आईला विचारले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की त्या रात्रीपासून ती तात्यांच्या खाटेजवळ खाली अंथरूण टाकून जागते. आता रात्री आम्ही दोघे आळीपाळीने तिथे झोपतो.

तात्यांना मी तो प्रश्न सरळ विचारला. त्यांनी मान हलवली, ‘नाही’ म्हणून, आणि नंतर पाटीवर लिहिले, ‘परत निघेल का, ही भीती वाटते.’ एवढे त्यांनी या वर्षात पहिल्यांदाच सांगितले. मी ‘नाही निघणार’ म्हणणार होतो, पण थांबलो आणि ‘मलाही वाटते’ एवढेच म्हणालो. पट्टीवर त्यांनी बोट सातवर ठेवले. सोमवारी रक्ततपासणी आहे आणि पुढच्या तपासणीच्याच दिवशी मानसोपचार विभागाची वेळ मिळाली आहे.

बीडच्या त्या गृहस्थांचा क्रमांक आईच्या वहीत सापडला. काल संध्याकाळी फोन लावून तात्यांच्या हातात दिला. दोघांचेही शब्द आम्हाला धड कळत नव्हते, पण ते वीस मिनिटे बोलत होते, आणि टॉवेल खाटेवर पडला होता.