मदत हवी आहे: कोल्हापूर–हंपी–म्हैसूर, सगळं रेल्वेनं

मंडळी, दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन टूरवाल्यांशिवाय फिरायचं ठरलंय. हरिप्रिया एक्स्प्रेसनं होस्पेट, तिथून हंपी (13 किमी, रिक्षा मिळतेच), मग बेंगळुरू, म्हैसूर आणि अरसीकेरे-हुबळी-मिरजमार्गे घरी.

रेल्वेचं सर्क्युलर जर्नी तिकीट कुणी काढलंय का? सुरुवात-शेवट एकाच स्टेशनावर आणि वाटेत जास्तीत जास्त 8 थांबे, एवढा नियम माहीत आहे. पण प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळंच करायचं, तर सुटी तिकिटं बरी नव्हेत का? बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे परतीचं नंतरच.

होस्पेटहून बेंगळुरूला रात्रीची गाडी घेऊ की दिवसाची? बाबांना लोअर बर्थच लागतो. हंपीला दोन मुक्काम पुरतील? आईचे गुडघे दुखतात, विठ्ठल मंदिर मात्र तिला बघायचंच आहे.