फाइलच्या नावात कोणतेही चिन्ह चालू द्यावे का?

वागळे इस्टेट, ठाणे
लिनक्स या संगणक-प्रणालीत फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य मूल्याचा बाइट एवढेच वर्ज्य आहे; टॅब, नवी ओळ, आरंभीची आडवी रेघ हे सारे चालते. ‘-आरएफ’ हे नाव रोमन अक्षरांत असलेली फाइल एखाद्या फोल्डरमध्ये असेल आणि तिथे कोणी ‘आरएम’ या पुसण्याच्या आज्ञेला तारांकन (म्हणजे ‘सगळ्या फाइली’) देऊन सगळे पुसायला सांगितले, तर ते नाव आज्ञेचा पर्याय समजले जाते आणि आतले फोल्डरही काही न विचारता नाहीसे होतात. अशी नावे कर्नेलनेच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यानेच, नाकारावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऐरोली
मी असहमत आहे. दोष नावाचा नसून निष्काळजीपणे लिहिलेल्या स्क्रिप्टचा, म्हणजे आज्ञांच्या यादीचा आहे. तारांकनाआधी बिंदू आणि तिरकी रेघ लिहिली, तर कोणतेच नाव आडव्या रेघेने सुरू होत नाही आणि आपण सांगितलेला धोका उरतच नाही. बंदी घातली की ती पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहते. ‘कॉन’ आणि ‘ऑक्स’ ही डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीच्या काळात उपकरणांसाठी राखलेली नावे विंडोजने अजून पुरती सोडलेली नाहीत, आणि ज्यांनी डॉस पाहिलेही नाही त्यांनी ती का सोसावीत?

घोडबंदर रोड, ठाणे
मला भीती वेगळीच आहे. ‘विचित्र चिन्हे’ ठरवायला कोणी बसले, की पहिली गदा आपल्यावर येते. आमच्या सोसायटीच्या संगणकावर ‘दुसऱ्या मजल्यावरील गळती’ या नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी आहेत. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, तर दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यांच्यामागे न दिसणारे जोडचिन्ह आहे. डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून कोणी अदृश्य चिन्हांवर सरसकट बंदी आणली, तर ते जोडचिन्ह वापरणाऱ्या कळफलकावरून लिहिणाऱ्यांना ‘दुसऱ्या’ नीट लिहिताच येणार नाही. आधीच ईएक्सटी ४ या लिनक्सच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीत नावाची मर्यादा 255 बाइटची आहे, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, तीन बाइट खाते. म्हणजे आपल्या वाट्याला 85 चिन्हेच येतात. (सोसायटीच्या ठरावांची नावे पाहता तीही पुरत नाहीत, हा भाग निराळा.)

वागळे इस्टेट, ठाणे
आपली शंका रास्त आहे, पण जोडचिन्हाला हात लावा असे मी म्हणतच नाही. 1 ते 31 मूल्यांचे नियंत्रक बाइट (टॅब, नवी ओळ यांसारखे) आणि नावाच्या आरंभीची आडवी रेघ, एवढेच मला नको आहे. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अक्षराचा प्रत्येक बाइट 128 किंवा त्याहून मोठा असतो, त्यामुळे या बंदीने मराठीचे एकही अक्षर अडत नाही, आणि त्यासाठी कर्नेलला लिपी ओळखण्याचीही गरज पडत नाही. लिनक्ससारख्या प्रणालींसाठीच्या 2024 च्या पॉझिक्स मानकानेही नवी ओळ असलेली नावे निर्माण होऊ न देण्यास उत्तेजन दिले आहे. जुन्या फाइली उघडत राहाव्यात. नव्या तेवढ्या अडवाव्यात.

ऐरोली
नवी ओळ कोणालाच नको आहे, तेवढे मी मान्य करतो. परंतु ‘नव्या तेवढ्या अडवा’ हे कागदावरच सोपे आहे. जुना बॅकअप दुसऱ्या डिस्कवर उतरवताना कर्नेलच्या दृष्टीने प्रत्येक फाइल नवीच असते. मध्यरात्री चाललेले ते काम एका नावापाशी अडले, तर ती फाइल वगळायची, तिचे नाव बदलायचे की सगळेच थांबवायचे, याचे उत्तर आपल्या प्रस्तावात कुठे आहे?